बाबा परत चालतील का? लकव्याच्या पेशंटच्या घरच्यांचे प्रश्न

मी न्यूरो फिजिओ, म्हणजे मेंदूच्या आजारांनंतर व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट, घरोघरी जाऊन लकव्याचे पेशंट बघते. यावेळी सगळे प्रश्न मोठा स्ट्रोक होऊन गेलेल्यांच्या घरून आलेत.

प्रश्न: वडील ६४ वर्षांचे, ५ महिन्यांपूर्वी उजवी बाजू गेली. आता धरून चार पावलं टाकतात पण हात लुळाच आहे. डॉक्टर म्हणाले जे यायचं ते ६ महिन्यांत येतं. म्हणजे पुढच्या महिन्यात सगळं संपलं का?

नाही हो, ६ महिने म्हणजे काही लाईट बिलाची शेवटची तारीख नाही. पहिल्या ३ महिन्यांत सुधारणा जोरात होते कारण मेंदूची सूज उतरते आणि शेजारचा शाबूत भाग मेलेल्या भागाचं थोडं काम उचलायला लागतो, मग वेग कमी होतो, पण रोज सराव असेल तर वर्षानंतरही थोडं थोडं येत राहतं.

हाताचं मात्र खरं सांगते. ५ महिन्यांत एकही बोट हललं नसेल तर त्या हाताने बटण लावतील, सही करतील अशी आशा मी देणार नाही. पायाचं तसं नसतं, पायाने खांबासारखं वजन पेललं तरी भागतं, पाऊल लोंबत असेल तर घोट्याला स्प्लिंट (पाऊल सरळ धरणारा आधार) लावून आणि काठी घेऊन माणूस संडासपर्यंत स्वतः जातो, आणि तेवढ्याने अख्ख्या घराचं आयुष्य बदलतं. म्हणून मी आधी संडासपर्यंतची वाट पकडते, हात नंतर.

आणि तो मुठीत दाबायचा स्माईली बॉल बंद करा. प्रत्येक घरात दिसतो मला! लकव्यात बोटं आपोआप मिटायला बघतात, आपल्याला ती उघडायची असतात. त्यापेक्षा तळहात टेबलावर सपाट ठेवून त्यावर हळूहळू वजन द्यायला लावा.

शर्ट घालताना आधी लुळा हात बाहीत, मग चांगला, काढताना उलट. उठवताना त्या हाताला किंवा काखेत धरून कधीच ओढायचं नाही. स्नायू सैल पडल्यामुळे खांदा खोबणीतून खाली सरकतो, वर बोट ठेवलं तर खड्डा लागतो. माझ्याकडे एक काका होते, लकव्यापेक्षा खांद्यानेच रडायचे, घरातले रोज प्रेमाने हाताला धरून उठवायचे त्यांना.

प्रश्न: सासूबाई काहीही विचारलं तरी फक्त "नको नको" म्हणतात, पण आरती लागली की अख्खी म्हणतात. सासरे म्हणतात नाटक करते.

नाटक अजिबात नाही, सासऱ्यांना हे वाचून दाखवा. याला अफेजिया म्हणतात. बहुतेकांचं भाषेचं काम डाव्या मेंदूत चालतं, तिथे मार बसला की शब्द शोधणं तुटतं. आरती, पाढे, सोमवार मंगळवार, शिव्यासुद्धा, हे पाठ झालेलं असतं, त्याला शब्द शोधावे लागत नाहीत. एका रिटायर्ड मास्तरांना बायकोचं नाव येत नव्हतं आणि बे एके बे धडाधड यायचं, काकूंना किती वाईट वाटायचं.

त्यांचं "नको" म्हणजे नकोच असं धरू नका. कप आणि ग्लास समोर धरा, चहा की पाणी, आणि थांबा, मनात दहा आकडे मोजा. वाक्य त्यांच्या तोंडातून काढून घेऊ नका आणि ओरडू नका, त्या बहिऱ्या नाहीत. स्पीच थेरपी उशिरा सुरू केली तरी फायदा होतो.

प्रश्न: वरणभात नीट जातो पण पाण्याने ठसका लागतो. नाकातून जेवणाची नळी परत घालावी लागेल का?

आधी गिळण्याची तपासणी करून घ्या, नळीचं मग ठरेल. पाणी पातळ, पटकन सरकतं, म्हणून तेच सगळ्यात अवघड. सरळ बसवून, हनुवटी थोडी खाली, छोटा घोट. पाणी घट्ट करायची थिकनर पावडर मिळते, किती घट्ट करायचं ते थेरपिस्ट सांगतील. गिळल्यावर आवाज ओला घरघरता येत असेल किंवा सारखा ताप येत असेल तर वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा, खाणं-पाणी छातीत जातंय. काहींना ठसकाही लागत नाही आणि तरी जातं. आणि भेटायला येणाऱ्यांना आवरा, एका घरी आत्याबाईंनी आडव्या झोपलेल्या माणसाला चमच्याने तीर्थ पाजलं, न्यूमोनिया झाला.

प्रश्न: एअर बेड घेतला तरी माकडहाडावर लाल डाग आलाय.

एअर बेड असला तरी दर २ तासांनी कूस बदलायचीच. डाग बोटाने दाबा, पांढरा होत नसेल तर बेडसोरची (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात आहे, त्या जागेवर वजन नको, चोळणं नको, स्पिरिट तर नकोच. नर्सला किंवा डॉक्टरांना दाखवा. टाचा पण बघा, पोटरीखाली उशी घालून अधांतरी ठेवा.

प्रश्न: गावाकडचे म्हणतात कबुतराचं रक्त चोळा आणि बुटाटीला घेऊन चला.

रक्त नको. लकवा बरा होतो अशी श्रद्धा असलेल्या राजस्थानातल्या बुटाटी धामला श्रद्धेने जायचं असेल तर डॉक्टरांना विचारून जा, फक्त बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी एकही दिवस चुकवायची नाही, दुसरा स्ट्रोक अशाच सुट्टीत येतो. पहिल्या ३ महिन्यांत बरंचसं आपलं आपणच सुधारतं आणि क्रेडिट त्या वेळी जो कोणी करत असेल त्याला मिळतं, मलाही मिळालंय असं. गरम शेक देताना जपा, लुळ्या बाजूला कळत नाही, भाजतं.

प्रश्न: मिस्टर कोणीही आलं की रडतात, मग मध्येच हसतात. मी ५८ची, रात्री तीनदा उठते, आता मलाच होत नाही. मुलगा दुबईला.

ते रडणं दरवेळी दुःखाचं नसतं, हसण्या-रडण्यावरचा मेंदूचा ब्रेक सैल झालाय. समजूत घालत बसलात तर वाढतं, विषय बदला. पण जेवणखाण सोडलं, व्यायामाला नाही म्हणतात असं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं, स्ट्रोकनंतर साधारण तिघांत एकाला होतं, गोळ्यांनी फरक पडतो, डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

तुमचं म्हणाल तर मुलाला "काळजी घे" एवढ्यावर सोडू नका, आठवड्यातून निदान दोन रात्री नर्सिंग ब्यूरोकडून पेशंट सांभाळायला येणाऱ्या माणसाचे पैसे त्याने द्यायचे, सरळ सांगा, लाजू नका. सरकारी हॉस्पिटलमधून अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढा. ४० टक्के किंवा जास्त निघालं आणि घरातलं कोणी जुन्या पद्धतीने इन्कम टॅक्स भरत असेल तर त्यांच्यावर अवलंबून असलेल्या अपंग माणसासाठी ७५ हजारांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. वाचलेल्या टॅक्समधून ब्यूरोवाल्याच्या काही रात्री निघतात.