अमेरिकेत थॉर्नी स्केट (पाकटासारखा चपटा, काटेरी मासा) गळाला लागला तर परत पाण्यात का सोडावा लागतो? एवढा दुर्मिळ आहे का तो?

दुर्मिळ म्हणजे सगळीकडे नाही हो, आईसलँड, नॉर्वे, कॅनडाकडे अजून बऱ्यापैकी आहे, बोंब आहे ती आमच्या इकडे गल्फ ऑफ मेनमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या आखातात. मी बॉस्टनजवळ राहतो, संशोधक वगैरे नाही, नुसती गळाची हौस. जेफ्रीज लेज या तिथल्या समुद्रातल्या उंचवट्यावर हॅडॉक माशासाठी गेलो होतो तेव्हा एक वर आला, आधी वाटलं गळ दगडात अडकला इतकं जड. दिसायला आपल्या पाकटासारखाच चपटा, पण शेपटीत विषारी नांगी नाही, त्याऐवजी पाठीच्या मधोमध शेपटीपर्यंत जाडजूड बाकदार काट्यांची रांग, आणि नीट बघितलं तर प्रत्येक काट्याच्या बुडाशी चांदणीसारखी नक्षी. मी हौसेने हात लावायला गेलो आणि ग्लोव्ह फाडून घेतला.

तर २००३ पासून इथे तो ठेवायला आणि विकायला बंदी आहे. आता गंमत अशी की त्याच नियमात बार्नडोअर स्केट हा त्याचा भाऊबंद पण होता, १९९८ च्या सुमारास तो संपतोय अशी ओरड झाली होती, पण तो इतका सावरला की २०१८ मध्ये त्याची बंदी उठवली. थॉर्नी मात्र अजून तिथेच रखडलाय. का? एक तर वयात यायलाच साधारण ११ वर्षं लागतात, आणि पाकटासारखी जिवंत पिल्लं नाहीत, चामड्याच्या पिशवीसारखी अंडी, एका पिशवीत एकच पिल्लू, मग संख्या वाढणार कधी! त्यात ट्रॉलरच्या जाळ्यात कॉड-हॅडॉकबरोबर हा पण येतोच, फेकला तरी जगेलच असं नाही, आणि वर हा थंड पाण्यातला जीव आणि गल्फ ऑफ मेनचं पाणी भराभर तापतंय, त्याला बंदी काय करणार.

२०१५ मध्ये त्याला धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्यात घ्या असा अर्ज झाला, २०१७ मध्ये सरकारने नाही म्हटलं, कारण बाकी अटलांटिकमध्ये आहे ना. माझ्या मते हे म्हणजे शेजारच्या गावात विहीर भरलीय म्हणून आपली कोरडी चालेल असं झालं, पण कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेलही.

तुमच्या गळाला लागलाच तर शेपटीला धरून लटकवू नका, गळ खोल गेला असेल तर दोरी तोंडापाशी कापा आणि लगेच सोडा, फोटो पाण्यातच काढा.