रिंकवरचे प्रश्न: सगळे गेले, मग उरलं कोण?

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतला कॉलेज आइस हॉकीचा २०२५-२६ चा सीझन सुरू, आणि दर वर्षीप्रमाणे तुमची पत्रं आलीच, फक्त या वेळी सगळ्यांचा सूर घाबरलेला आहे. अमका गेला, तमका सोडून चालला, कॅनडाची पोरं घुसली, आता आमच्या टीमचं काय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, काही पत्रं एकत्र केलीत, राग मानू नका.

प्रश्न: मुलाला ईस्ट लान्सिंगला मिशिगन स्टेटमध्ये एम.एस.ला अ‍ॅडमिशन मिळाली. तो म्हणतो इथे हॉकीचं जाम वेड आहे. आमच्यासाठी हॉकी म्हणजे खडकीचा धनराज पिल्ले. हे बर्फावरचं प्रकरण काय आहे, आणि टीममध्ये असलेला मुलगा एकाच वेळी एनएचएलच्या क्लबचाही कसा असतो? (पुण्याहून एक आई)

उत्तर: ताई, खडकीशी आमचं भांडण नाही, धनराजचा स्पीड बघूनच आम्ही मोठे झालो. ही हॉकी वेगळी, स्केट्सवर सहा-सहा जण, चेंडूऐवजी रबराची चकती म्हणजे पक, आणि धक्का मारणं नियमात बसतं. डिव्हिजन वनमध्ये पुरुषांच्या साठच्या वर टीम आहेत. मॅचेस बहुतेक शुक्रवारी-शनिवारी, तेव्हा अभ्यासाची काळजी नको (म्हणजे बघणाऱ्याच्या अभ्यासाची). मार्चमध्ये १६ टीमची नॉकआउट, आणि शेवटच्या चार जणींना म्हणतात फ्रोझन फोर.

आता एनएचएलचं, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या सगळ्यात मोठ्या प्रोफेशनल हॉकी लीगचं. ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडणं, हा साखरपुडा समजा. अठराव्या वर्षी क्लबने नाव घेतलं, स्थळ पक्कं झालं, पण मुलगा अजून शिकतोय, लग्न म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नंतर कधीतरी, आणि कॉलेजात आहे तोवर साधारण चार वर्षं क्लबचा हक्क राहतो. कधीकधी साखरपुडा मोडतोही. तुमच्या मुलाच्याच कॉलेजचा आयझॅक हावर्ड, गेल्या सीझनला ५२ पॉइंट (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) आणि सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर अवॉर्ड, त्याला टॅम्पा बेने २०२२ साली घेतलं होतं पण काही जमेना, शेवटी या जुलैत एडमंटनशी ट्रेड झाला आणि तिथे त्याने सही केली. म्हणजे मिशिगन स्टेटचा हिरो गेला. पण आलेत कोण ते खाली वाचा.

प्रश्न: आम्ही मिसिसागाचे. आमची स्टीलहेड्स टीम आधी ब्रॅम्प्टनला नेली, ते गिळलं. आता तिथलीही चांगली पोरं अमेरिकेत कॉलेजला चाललीत. हे अचानक काय झालं?

उत्तर: अचानक नाही हो, ७ नोव्हेंबर २०२४ ला झालं, फक्त जाणवायला ऑगस्ट उजाडावा लागला. कॅनडाच्या तीन मोठ्या ज्युनियर लीग, म्हणजे ओंटारियो, वेस्टर्न आणि क्विबेकची, यांना मिळून सीएचएल म्हणतात. तिथे काही पोरं एनएचएल कॉन्ट्रॅक्ट घेतलेली असतात आणि बाकीच्यांना थोडा हातखर्च मिळतो, तेवढ्यावरून अमेरिकेची एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची संस्था, या लीगना प्रोफेशनल धरायची. म्हणजे सोळाव्या वर्षी तिथे खेळलात की अमेरिकन कॉलेजचं दार बंद. सोळाव्या वर्षी! आपल्याकडे त्या वयात सायन्स घ्यायचं की कॉमर्स हेसुद्धा आई ठरवते. तर एनसीएएच्या कौन्सिलने तो नियम काढला, आणि १ ऑगस्ट २०२५ पासून, खर्चापुरतेच पैसे घेतले असतील तर, सीएचएलची पोरं खेळू शकतात.

पोरं का येतात म्हणाल तर नुसता पैसा नाही. १९ वर्षांचा ड्राफ्ट झालेला सीएचएलचा मुलगा, एनएचएलला अजून पुरेसा तयार नाही, तर त्याला खालच्या एएचएल लीगमध्ये सहसा पाठवता येत नव्हतं, परत ज्युनियरमध्येच जा आणि तुझ्याहून लहान पोरांना हरवत बस. आता मधली पायरी मिळाली. कॉलेजात समोर २२-२३ वर्षांचे दाढीवाले डिफेन्समन, मॅचेस ३५-४०, ज्युनियरसारख्या ६८ नाहीत, मग उरलेल्या दिवसांत जिम. अंगावर मांस चढवायला याहून बरी जागा नाही.

तुमच्या ब्रॅम्प्टनचंच बघा. पोर्टर मार्टोन, गेल्या सीझनला ९८ पॉइंट, जूनच्या ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फियाने सहाव्या नंबरवर उचलला, तो मिशिगन स्टेटला. आणि त्याच टीमचा गोली, म्हणजे गोलकीपर, जॅक इव्हान्कोविच मिशिगनला. दोन मित्र, दोन कट्टर वैरी, मध्ये तासाभराचा रस्ता. तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे पण बॉर्डर ओलांडून बघायला या, डेट्रॉइट लांब नाही.

प्रश्न: तो मॅकेना नावाचा मुलगा पेन स्टेटला जातोय, त्याला म्हणे सात लाख डॉलर मिळणार. आमच्या पोराला असिस्टंटशिप मिळेना. खरं आहे का?

उत्तर: बातम्यांमध्ये सात लाखांच्या आसपासचा आकडा फिरतोय, कॉलेजने चेक दाखवलेला नाही. गॅव्हिन मॅकेना युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सचा, मेडिसिन हॅट टायगर्सकडून ५६ मॅचेसमध्ये १२९ पॉइंट, परत वाचा, १२९, आणि २०२६ च्या ड्राफ्टमध्ये सगळे त्याला पहिल्या नंबरवर धरून चाललेत. पेन स्टेट डिव्हिजन वनमध्ये आली तीच २०१२ ला, गेल्या सीझनला पहिल्यांदा फ्रोझन फोर गाठला, आणि आता हा. शिवाय डिफेन्सला जॅक्सन स्मिथ, कोलंबसने चौदाव्या नंबरवर घेतलेला. पैसा कुठून येतो विचाराल तर रिंकच्या दारावर नाव आहे, पेगुला, बफेलो सेबर्सचे मालक.

यात आपल्या लोकांनी हसावं की रडावं अशी एक गंमत आहे. कॅनडाच्या पोरालाही इथे शिकायचं तर एफ-वन, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याचं स्टेटसच लागतं. आणि एफ-वनवर काम करून पैसे कमावण्याची भानगड तुम्हाला मला पाठ आहे, कॅम्पसवर आठवड्याला २० तास, त्यापलीकडे हात लावायचा नाही. मॅकेनासारख्यांना मिळणारे नाव आणि फोटो वापरण्याचे पैसे हे काम की नाही यावर वकील लोक डोकं खाजवतायत. आपली पोरं लायब्ररीत पुस्तकं रचून ते २० तास भरायची आणि इथे पहिल्या नंबरच्या हॉकीपटूलाही त्याच इंटरनॅशनल ऑफिसच्या लाइनीत उभं राहायचंय. मला जाम बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

प्रश्न: आम्ही कॅलमझूकर. एप्रिलमध्ये वेस्टर्न मिशिगनने कप आणला तेव्हा लॉसन अरेनाबाहेर रडलो. परत जिंकू का?

उत्तर: रडायलाच पाहिजे होतं. १२ एप्रिल, सेंट लुईस, बॉस्टन युनिव्हर्सिटीला ६-२, कॉलेजचं पहिलं टायटल, आणि त्याआधी सेमीफायनलला डेन्व्हरला डबल ओव्हरटाइममध्ये ३-२. डेन्व्हर म्हणजे दहा टायटलवाली, सगळ्यात जास्त. पूर्ण सीझन ३४ विजय.

आता माझं ऐका, इथे मला जरा लांबण लावायची आहे. लोक रोस्टर, म्हणजे टीमची यादी, बघतात ते ड्राफ्टच्या नंबरावरून. पहिल्या राउंडचे किती, कुणाकडे कोण. मी तीस वर्षं हे बघतोय, मी आधी गोली बघतो आणि मग जन्मतारखा. २०२४ ला बॉस्टन कॉलेजकडे विल स्मिथ, कटर गॉथिए, रायन लिओनार्ड, गेब पेरो, एकाच टीममध्ये चार फर्स्ट राउंडर, आणि फायनलला डेन्व्हरसमोर एक गोल नाही, २-०. पुढच्या वर्षी बॉस्टन युनिव्हर्सिटीचं तसंच झालं, समोर पैलवान उभे आणि ही कोवळी पोरं. एकोणीस वर्षांचा मुलगा पक घेऊन जादू करतो हो, पण रिंकच्या कडेच्या भिंतीजवळ तेवीस वर्षांच्या माणसाने दाबून धरलं की जादू तिथेच संपते. तुमच्या कोच फर्शवायलरने टीम अशीच बांधली, दुसऱ्यांनी सोडलेली, उशिरा फुललेली, राग असलेली पोरं.

गेलेत दोन मोठे, अलेक्स बंप फिलाडेल्फियाकडे आणि कॅप्टन टिम वॉश अनाहाइमकडे. वॉशचं जाणं मला जास्त टोचतं, फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू होतो ती झटापट) जिंकणारा सेंटर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, सहज मिळत नाही. पण गोली हॅम्प्टन स्लुकिन्स्की आहे, डेन्व्हरला गोल मारणारा ओवन मायकल्स आहे, आणि पोर्टलमधून विल्यम व्हाइटलॉ आला. त्याचं तिसऱ्या वर्षी तिसरं कॉलेज, विस्कॉन्सिन, मिशिगन, आता तुम्ही. भाड्याचं घर बदलावं तसं. हात गोड आहेत त्याचे, टिकला तर बंपची जागा थोडी भरेल. परत कप? अवघड. शेवटच्या चारात? मला आश्चर्य वाटणार नाही.

प्रश्न: माझा मुलगा १६ चा, ट्रॉयला ट्रिपल-ए, म्हणजे त्याच्या वयोगटातली सगळ्यात वरची हॉकी, खेळतो. पहाटे पाचची प्रॅक्टिस, ओहायो-शिकागोच्या ट्रिपा, हजारो डॉलर गेले. आता कॅनडाची पोरं आली तर याला कॉलेजात जागा राहील का? नवऱ्याचं म्हणणं आता पुरे करा.

उत्तर: ताई, गोड बोलून फसवत नाही. जागा कमी झाल्यात. एकीकडे सीएचएलची साठेक टीमची पोरं लाइनीत आली. दुसरीकडे जूनमध्ये कोर्टाने जो मोठा सेटलमेंट मान्य केला त्यात कॉलेजं खेळाडूंना वर्षाला दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत वाटू शकतात, पण जी कॉलेजं त्यात शिरली त्यांच्या हॉकी रोस्टरला २६ ची मर्यादा आली. आधी स्कॉलरशिप १८ होत्या आणि त्या तुकडे करून वाटायचे, शिवाय दोन-चार पोरं बिनपैशाची बेंचवर ठेवायचे. आता २६ जणांना पूर्ण देता येईल, पण सत्ताविसावा घरी. तो सत्ताविसावा म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या-आमच्या शेजारचाच मुलगा असतो.

पण १६ व्या वर्षी निकाल लावू नका. कॉलेजात येणारे फ्रेशमनच १९-२० चे असतात, मधली दोन-तीन वर्षं यूएसएचएल नाहीतर खालच्या ज्युनियर लीगमध्ये काढून आलेले. आणि एक गोष्ट आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, ब्राउन, डार्टमथ, कॉर्नेल, सहाही जणी डिव्हिजन वन हॉकी खेळतात. खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत, त्या सेटलमेंटमध्येही नाहीत, फी-मदत घरच्या उत्पन्नावर. तिथे कोचला मार्कशीट लागते. कॉर्नेल लेचीपेची नाही बरं का, मार्चमध्ये टोलेडोला मिशिगन स्टेटला शेवटच्या काही सेकंदांत गोल मारून ४-३ ने घरी पाठवलं होतं, मी तेव्हापासून टोलेडोचं नाव घेत नाही. त्याखाली डिव्हिजन थ्री आहे, क्लब हॉकी आहे, तीही खरी हॉकीच. नवऱ्याला म्हणावं खर्चाचा हिशोब स्कॉलरशिपच्या आशेवर मांडू नका, तो कधीच जुळत नाही. मुलगा पाचला न उठवता उठतो का, तेवढं बघा. माझा उठायचा नाही, आम्ही चौदाव्या वर्षी थांबलो.

प्रश्न: मुलींच्या हॉकीवर तुम्ही कधी लिहीतच नाही. (मॅडिसनची विद्यार्थिनी)

उत्तर: कबूल, कान पकडले. मार्चची फायनल वर्षातली सगळ्यात भारी मॅच होती, पुरुषांची धरून. तुमची विस्कॉन्सिन मागे, १८.९ सेकंद उरलेले, कर्स्टन सिम्सने पेनल्टी शॉटवर बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये तिनेच ओहायो स्टेटला संपवलं, ४-३, आठवं टायटल. केसी ओब्रायन ८८ पॉइंट करून प्रोफेशनल लीगला गेली, पण सिम्स, कॅरोलिन हार्वी, लायला एडवर्ड्स परत आहेत. एकच ग्यानबाची मेख, फेब्रुवारीत मिलानला ऑलिंपिक, तेव्हा अमेरिकेच्या टीममध्ये तुमच्या किती जणी जातात आणि मागे उरलेल्या कशा खेळतात. तरी तुम्हीच फेव्हरिट.

प्रश्न: काका, तुम्ही दर वर्षी मिशिगनच्याच टीमचं नाव घेता. बॉस्टन नकाशावर आहे का? या वर्षी कोण जिंकणार ते एक नाव सांगा, गोलमाल उत्तर नको.

उत्तर: अरे बाबा, आहे नकाशावर. तुमच्या बॉस्टन युनिव्हर्सिटीला कोल हटसन परत आला, डिफेन्समन असून फ्रेशमन वर्षात ४८ पॉइंट, आणि गोली येगोरोव्ह आहे जो गेल्या सीझनला जानेवारीत मध्येच आला आणि फायनलपर्यंत घेऊन गेला, शिवाय नॉर्थ डकोटाचा साशा बॉइव्हर. पलीकडे बॉस्टन कॉलेजला जेम्स हेगन्स, त्याला तर बॉस्टनच्याच एनएचएल क्लबने, ब्रुइन्सनी, घेतला, ग्रीन लाइनची ट्रेन पकडली की सासर. पण त्यांचा गोली फाउलर गेला, म्हणून मी त्यांना मागे ठेवतो.

एक नाव? मिशिगन स्टेट. हस खुशाल. ट्रे ऑगस्टीन परत आलाय, दोन वर्षं लागोपाठ अमेरिकेला वर्ल्ड ज्युनियरचं, म्हणजे वीस वर्षांखालच्या देशोदेशीच्या टीमच्या स्पर्धेचं, गोल्ड जिंकून देणारा गोली. मार्टोन आला, कॅडेन लिंडस्ट्रॉम आला, २०२४ चा चौथ्या नंबरचा, पाठीच्या दुखापतीने त्याचं वर्ष गेलं होतं त्यामुळे त्याच्यावर पैज लावू नकोस, आणि चार्ली स्ट्रॅमेलसारखे थोराड गडी आधीच आहेत. गोली आणि जन्मतारखा, दोन्ही जमतायत. धोका डिसेंबरअखेरचा, वर्ल्ड ज्युनियर मिनेसोटात आहे, चांगली पोरं दोन आठवडे तिकडे जातील.

मॅकेनाची पहिली मॅच ३ ऑक्टोबरला अ‍ॅरिझोना स्टेटशी, ती टीव्हीवर बघीन. ३१ जानेवारीला मात्र पेन स्टेट विरुद्ध मिशिगन स्टेट उघड्यावर आहे, त्यांच्या त्या अवाढव्य फुटबॉल स्टेडियमवर. मी जाणार आहे, बायको म्हणते जानेवारीत पेनसिल्व्हेनियात चार तास बाहेर बसणार असशील तर इन्शुरन्सचे कागद कुठे ठेवलेत ते सांगून जा. जागा आहे गाडीत एकाची, बॉस्टनचा असलास तरी चालेल, दोन थर्मल घालून ये आणि गिअर ऑइल झालेला चहा प्यायची तयारी ठेव.