रक्कम नको, तारीख विचार

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मराठवाड्यातला 2024 च्या निवडणुकीचा वृत्तांत वाचला. पायपीट दिसते त्यात. पण ‘दीड हजारात मतं विकली गेली’ हे वाक्य काढ. चुरचुरीत आहे म्हणूनच काढ. ते एकदा लिहिलं की पुढे काही विचारायची गरजच उरत नाही.

उत्पन्न किती, कर्ज किती, मत कोणाला, असं तू घरोघरी विचारलंस. या तिन्हींचं खरं उत्तर अनोळखी माणसाला कोण देतं? त्यापेक्षा पैसा घरात कधी येतो आणि कोणत्या तारखेला बाहेर जातो, एवढंच विचार. मग बघ बायका कशा बोलायला लागतात. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास, वर्षातून एकदा. उसाचा कारखान्याच्या मर्जीवर. मजुरी हंगामापुरती. जाणारा पैसा मात्र तारीख चुकवत नाही: फायनान्सवाल्याचा आठवड्याचा हप्ता, बचत गटाचा महिन्याचा, मार्चअखेर सोसायटीच्या पीककर्जाचं नवं-जुनं. पोरांच्या शाळेचा खर्च नेमका जूनमध्ये, बियाणं-खताच्या तोंडावर. मधले महिने उधारीवर निघतात. किराणावाल्याची वही बघायला मिळाली तर सोडू नकोस. तेल, साखर, चहापत्ती, आणि मध्येच ‘रोख 200’. किराणा दुकानातून रोख कशाला, असं विचारलंस तर उत्तर मिळेल, दवाखान्याला.

आता 2024 कडे या तारखांवरून बघ. जूनअखेर अर्थसंकल्पात लाडकी बहीण जाहीर झाली, बायकांच्या खात्यात महिन्याला 1500. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन हप्त्यांचे मिळून 3000 जमा झाले, आणि आचारसंहिता लागायच्या आत ऑक्टोबर-नोव्हेंबरचेही आले. सप्टेंबरचा धरून मतदानाआधी पाच हप्त्यांचे एकूण 7500. त्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास मिळत होते. म्हणजे दहा क्विंटल विकणाऱ्या घराचं जवळपास तेवढंच गेलं. हिशेब फिटला म्हण ना! तरी 20 नोव्हेंबरच्या मतदानात महायुतीच्या पारड्यात 288 पैकी 230 जागा पडल्या. माझ्या मते तोटा नवऱ्याच्या विक्रीच्या पट्टीवर लागला आणि आवक बायकोच्या खात्यात झाली, हे त्यामागचं एक मोठं कारण. भावाचं रडगाणं तिला नवीन नव्हतं. ठरल्या वेळी, कोणापुढे हात न पसरता आलेला पैसा नवीन होता.

हीच गोष्ट उलटीही चालते. सहा महिने आधी लोकसभेला महायुतीच्या 48 पैकी 17 जागा आल्या. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा लाल कांदा बाजारात येत होता. हा कांदा चाळीत टिकत नाही, मिळेल त्या भावाने काढावा लागतो. भाव पडला तर माणूस नशिबाला बोल लावतो, पाडला तर सरकारला. नाशिकच्या कांदा पट्ट्यातल्या दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या. सगळं कांद्यानेच केलं असं लिहू नकोस. संविधान बदलेल ही भीती होती, मराठा आरक्षणाचा राग होता. पण मराठवाड्यातल्या आरक्षणाच्या मागणीतही महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी किती बोलते, ते ऐक.

आणि बायकांना हसणाऱ्या नोकरदारांचंही ऐक. 14 मार्च 2023 पासून राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले होते, जुन्या पेन्शनसाठी. नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना ती मिळत नव्हती. बाजारावर हेलकावणाऱ्या रकमेपेक्षा ठरलेली रक्कम हवी, एवढंच त्यांचं म्हणणं. ते बरोबर की चूक, तो वाद वेगळा. पण त्यांच्या मताला आपण ‘विकलेलं’ म्हणत नाही.

एक जागा तुझ्याकडून राहिली: आमदाराचं संपर्क कार्यालय. सकाळी नऊला जाऊन नुसती बस. महात्मा फुले जनआरोग्य योजना कागदावर आहे, पण अपघात झाल्यावर खाट मिळवायला, बिल कमी करून घ्यायला, कुणाच्या तरी फोनची वाट बघणारी माणसं तिथे दिसतील. तो फोन करणारा कार्यकर्ता म्हणजे त्या घरांचा विमाच. 2022 आणि 2023 मध्ये पक्ष फुटले तेव्हा आपल्या संपादकीय पानांवर निष्ठेची बरीच चर्चा झाली. गावात विचारलंस तर लोक म्हणतील, माणूस कामं करतो. यात लाचारी आहे, हे मला मान्य आहे. पण ती लोकांना आवडते म्हणून नाही, दवाखाना दुसऱ्या कशाने उघडत नाही म्हणून आहे. तुझी खरी बातमी तिथे आहे.

परत जाशील तेव्हा आठवडी बाजाराचा दिवस टाळ, घरी कोणी भेटत नाही. हप्ता जमा झाल्या-झाल्या बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात अर्धा दिवस काढ आणि पैसे काढून बाई पहिल्यांदा कुठे जाते ते बघ. नावं छापू नकोस. पेपर फायनान्सवालाही वाचतो. मजकूर शुक्रवारपर्यंत पाठव, छायाचित्रं नसली तरी चालेल.

कळावे.