यंदा कोणाचं कार्ड आलं नाही?

रेडिंगहून आलेल्या पत्रातला बराचसा भाग आधी देते, म्हणजे पुढचं बोलणं नीट कळेल.

"काकू, आम्हाला इंग्लंडमध्ये येऊन बरीच वर्षं झाली. आल्यापासून दर डिसेंबरात मी नेमाने ख्रिसमस कार्डं पाठवते. ऑफिस, शेजार, मुलांच्या मित्रांचे आईवडील, मंडळातले आपले लोक, सगळे धरून साठेक होतात. आतला मजकूर छापीलच असतो, खाली आम्हा चौघांची नावं घालतो. गेल्या वर्षी आमच्याकडे फक्त आठ आली. लेक म्हणते, 'आई, आता कोणी कार्डं पाठवत नाही, ग्रुपवर फोटो टाक.' नवरा म्हणतो, डेन्मार्कने तर पत्रं वाटणंच बंद केलं. बंद करू का? शिवाय धाकट्याच्या वर्गात तीस मुलं आहेत, सगळ्यांना कार्ड द्यावं लागेल का? आणि या हिवाळ्यात सासूबाई इथे असतील. त्यांना हे ख्रिसमसचं कौतुक रुचेल का, याचंही दडपण आहे."

अगं, साठ पाठवून आठ आली की मन खट्टू होणारच. आपण सगळ्यांनीच इथे आल्यावर पहिल्या डिसेंबरात ती धांदल केलेली आहे. महिना उजाडतो न उजाडतो तोच लेटरबॉक्समधून शेजाऱ्यांचं कार्ड आत पडतं, आणि आपण घाईघाईने पाकीटभर कार्डं आणून उत्तर द्यायला बसतो. कोणी शिकवत नाही, चुकलं तरी कोणी बोलून दाखवत नाही. तू हे इतकी वर्षं निभावलंस, याचं मला कौतुक आहे.

पण एक विचारते. आठ आली एवढं लिहिलंस, ती कोणाची आली ते एका शब्दाने लिहिलं नाहीस. आदल्या वर्षी ज्यांचं आलं होतं आणि गेल्या वर्षी आलं नाही, असं कोण होतं, तेही लिहिलं नाहीस. आणि माझ्या दृष्टीने खरी गोष्ट तीच आहे.

माझे मामंजी सरकारी कचेरीत होते. घरच्या पत्रांसाठीही त्यांनी आवक-जावक वही ठेवली होती. डाव्या पानावर आलेली पत्रं, उजव्या पानावर पाठवलेली. दिवाळीनंतर ते वही उघडायचे आणि ज्याचं पत्र आलं नाही त्याच्या नावापुढे बारीक फुली करायचे. फुली म्हणजे राग नव्हे. त्या माणसाला लगेच एक पोस्टकार्ड जायचं, "बरेच दिवसांत खुशाली नाही, काळजी वाटते, उलट टपाली कळवावे." एका आत्याबाईंचे डोळे गेले हे घरात कळलं ते अशाच एका फुलीमुळे. इथे आल्यावर मी तशीच वही ख्रिसमस कार्डांसाठी घातली. नंतर पाहिलं तर इथल्या जुन्या पिढीतल्या बायकाही अगदी तीच यादी ठेवतात, वर्षानुवर्षं तीच, खाडाखोड करत.

आम्ही आलो तेव्हा एका विधवा बाईंच्या घरात भाड्याने राहायचो. पुढे आम्ही दुसऱ्या गावी गेलो, भेटी थांबल्या, उरलं ते वर्षाचं एक कार्ड. त्यांचं कार्ड डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हमखास यायचं. एका वर्षी विसावी तारीख उलटली तरी आलं नाही. ह्यांनी फोन केला तर कोणी उचलेना. शेजारच्यांकडे चौकशी केल्यावर कळलं की बाई घरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि त्या इस्पितळात होत्या. आम्ही गेलो. भाचीखेरीज त्यांना भेटायला कोणी आलेलं नव्हतं. पुढची काही वर्षं कार्ड येत राहिलं, अक्षर मात्र दरवर्षी थोडं अधिक थरथरतं. मग एका वर्षी पाकिटावर वेगळंच अक्षर आलं. बाई गेल्याचं भाचीने कळवलं होतं, आणि आमचा पत्ता तिला बाईंच्या वहीत सापडला होता. आता सांग, यातलं काय ग्रुपवरच्या फोटोने झालं असतं? त्या बाई कुठल्या ग्रुपवर होत्या?

म्हणून कार्डांचा हिशोब साठाला आठ असा मांडू नकोस. कार्ड म्हणजे खुशाली. "आम्ही अजून आहोत, याच पत्त्यावर आहोत, आणि तुमची आठवण आहे," एवढं ते सांगतं. ते कोणाला सांगायचं, हे ठरवलं की यादी आपोआप उतरते.

ऑफिसातले रोज भेटणारे लोक काढून टाक. मंडळातले आपले लोकही काढ, त्यांना दिवाळीला भेटतेसच. राहतात ते वेगळेच लोक. शेजारचे म्हातारे जोडपे, मुलं लहान असताना त्यांना सांभाळणाऱ्या बाई, पहिल्या नोकरीतले निवृत्त झालेले साहेब, गाव सोडून गेलेले जुने शेजारी. पंधरा-वीस नावं होतील. माझ्या वहीतही तेवढीच आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या घरी पोस्टमन येणं ही दिवसातली मोठी घटना असते. इथे आलेली कार्डं फायरप्लेसच्या फळीवर किंवा दोरीला अडकवून जानेवारीच्या पाच-सहा तारखेपर्यंत ठेवतात. एकट्या माणसाच्या घरात ती रोज नजरेसमोर असतात.

आता थोडं रागावते. छापील मजकूर आणि खाली चार नावं, हे मला मुळीच पसंत नाही. तुझा दोष नाही, मुळातच तसं आहे. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल या सरकारी अधिकाऱ्याला साचलेल्या पत्रांना उत्तरं लिहायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून पहिलं ख्रिसमस कार्ड करून घेतलं. हजारेक प्रती छापल्या, किंमत एक शिलिंग. शुभेच्छा छापलेल्या, कोणाला आणि कोणाकडून एवढीच जागा मोकळी. सोय म्हणून जन्मलेली ती गोष्ट आपण अजून सोय म्हणूनच वापरतो आणि मग उत्तर येत नाही म्हणून हिरमुसतो. प्रत्येक कार्डात स्वतःच्या हाताने एक वाक्य लिही, आणि ते दुसऱ्या कोणालाही लागू पडणार नाही असं लिही. "तुम्ही दिलेल्या रोपाला यंदा पहिल्यांदा फुलं आली." "मोठी आता गाडी शिकते आहे, तिला तुमच्या दारात सायकल शिकवलीत ते आठवतं." पुष्कळ झालं. व्याकरणाची भीती धरू नकोस, तुझं इंग्रजी तपासायला कोणी बसलेलं नाही.

आणि त्या वर्षात ज्यांच्या घरातलं माणूस गेलं असेल त्यांचं कार्ड सगळ्यात आधी लिही. आनंदाचं कार्ड कसं पाठवायचं म्हणून आपण बिचकतो आणि नेमकं तेच टाळतो. साधं चित्र असलेलं घे, गेलेल्या माणसाचं नाव घालून एक आठवण लिही. ह्यांच्या एका इंग्रज मित्राने बायको गेली त्या वर्षी सांगितलं होतं, तिचं नाव लिहिलेलं कार्ड फक्त आमचंच होतं. बाकीच्यांनी जपून जपून ते गाळलं होतं.

पाकिटाच्या मागे स्वतःचा पत्ता न विसरता लिहायचा. समोरच्याने घर बदललेलं असेल तर ते पाकीट तुझ्याकडे परत येतं, आणि परत येणं हीसुद्धा बातमीच असते. तेव्हा चौकशी करायची, नाव लगेच खोडायचं नाही.

खर्चाचं म्हणशील तर तिकिटं महागली आहेत हे खरं. एप्रिल २०२५ मध्येच पहिल्या वर्गाचं, म्हणजे लवकर पोचणाऱ्या पत्राचं, तिकीट १ पौंड ७० पेन्स आणि दुसऱ्या, सावकाश वर्गाचं ८७ पेन्स झालं होतं. साठ पाकिटांना ते जाचक, पंधरांना नाही. शेजारपाजारची कार्डं स्वतः दारात टाकायची. नाव माहीत नसेल तर "नंबर चौदामधल्या सगळ्यांना" असं चालतं, इथले लोकही तसंच लिहितात. घरातली जुनी तिकिटं तपासून घे. बारकोड नसलेली राणीच्या मुखवट्याची रोजची तिकिटं ३१ जुलै २०२३ नंतर चालत नाहीत, ती रॉयल मेलकडून, म्हणजे इथल्या टपाल कंपनीकडून, बदलून मिळतात. चित्रांची ख्रिसमसची जुनी तिकिटं मात्र चालतात. आणि डेन्मार्कचं म्हणशील, तर तिथल्या सरकारी पोस्टाने ३० डिसेंबर २०२५ ला शेवटचं पत्र पोचवलं हे खरं, पण तिथेही खासगी कंपनी पत्रं पोचवतेच. ब्रिटनमध्ये सगळ्या देशात एकाच दराने पत्र पोचवणं रॉयल मेलवर कायद्याने बंधनकारक आहे.

वर्गातल्या तीस मुलांचं धाकट्यावर सोड. त्याला ज्यांना द्यायचं असेल त्यांना तो देईल. फक्त एखाद्यालाच वगळल्यासारखं होत नाही ना, ते बघ.

सासूबाईंचं दडपण काढून टाक. त्या पहिल्या कार्डावर देवाधर्माचं चित्र नव्हतं. मधे जेवायला बसलेलं तीन पिढ्यांचं कुटुंब आणि दोन्ही बाजूंना भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र देणारी माणसं होती. हे त्यांना सांग. उभं आयुष्य पत्रं लिहिलेली ती पिढी आहे, त्यांना या रिवाजाचं मर्म तुझ्या लेकीच्या आधी कळेल. शेजारच्या आजीआजोबांच्या कार्डावर त्यांना मराठीत सही करायला सांग, आणि ते कार्ड द्यायला त्यांनाच बरोबर ने.

दुसऱ्या वर्गाची पत्रं दिवसाआड वाटण्याची आणि शनिवारी न वाटण्याची मुभा जुलै २०२५ पासून रॉयल मेलला आहे. तेव्हा या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी लिहायला बस आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकून मोकळी हो.