तुमचे प्रश्न : चार किलोमीटर चालून आले, चहा-बिस्किटात गेले

दिवाळीचा फराळ संपला की वजनाची पत्रं येतात, दरवर्षीचंच आहे ते. यंदा जरा जास्तच आली आणि बहुतेकांचा सूर एकच, "एवढं करतोय तरी काटा हलत नाही." सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, त्यामुळे पाच पत्रं निवडलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण तशीच पत्रं सगळ्यात जास्त आहेत.

मी ४३ वर्षांची आहे, उंची ५ फूट १ इंच, वजन ६८. गेले चार महिने आम्ही चौघीजणी रोज सकाळी चार किमी चालतो, पाऊस असला तरी. घड्याळात रोज ३०० च्या वर कॅलरी जळाल्या असं येतं. घरचंच खाते, तेल अगदी कमी, गोड फारसं नाही. तरी चार महिन्यांत जेमतेम ६०० ग्रॅम उतरलंय. थायरॉईड नॉर्मल आहे. मैत्रीण म्हणते आता आठ किमी चाल. चालू का? (चिंचवड)

ताई, चार महिने पावसापाण्यात न चुकता चालताय, आधी त्याची शाबासकी घ्या. पण आठ किमीच्या भानगडीत पडायच्या आधी जरा हिशोब मांडू.

तुमच्या वजनाच्या बाईने चार किमी पन्नासेक मिनिटांत चालले तर साधारण २०० कॅलरी खर्च होतात. पण त्यातल्या ५०-६० तर तुम्ही घरी पेपर वाचत बसला असतात तरी गेल्याच असत्या, शरीर नुसतं चालू ठेवायलाही खर्च येतोच ना, म्हणजे चालण्यामुळे जास्तीच्या गेल्या त्या १४० च्या आसपास. घड्याळाचे ३०० फार मनावर घेऊ नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मनगटावर बांधायची सात यंत्रं तपासली होती, २०१७ ची गोष्ट, नाडीचे ठोके बहुतेकांनी नीट मोजले पण कॅलरीत त्यातलं सगळ्यात बरं यंत्र सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी.

आता तुमच्या पत्रात नाही ते विचारते. चालून झाल्यावर चौघी काय करता? मीही अशाच एका ग्रुपात दोन वर्षं चाललेय म्हणून विचारतेय, आमचा तर चालण्यापेक्षा चहाच जास्त रंगायचा. दोन चमचे साखरेचा दुधाचा अर्धा कप चहा आणि चार ग्लुकोज बिस्किटं म्हणजे १७० कॅलरी झाल्या. चालून मिळवलेले १४० तिथेच गेले, वर ३० ची उधारी. आणि बिस्किटं तरी कोण मोजतंय, पुडा मध्ये फोडून ठेवला की हात जातोच.

दुसरं तेलाचं. "तेल अगदी कमी" हे वाक्य मी रोज ऐकते आणि सांगणारी बाई अजिबात खोटं बोलत नसते, तिला खरंच तसं वाटत असतं. त्यामुळे मी कुणाला किती चमचे घालता असं विचारतच नाही. पाच लिटरचा कॅन उघडाल त्या दिवशी त्यावर पेनने तारीख टाका आणि संपेल त्या दिवशी परत बघा, बस्स. चार माणसांच्या घरात तो कॅन महिन्यात संपला तर माणशी रोज साधारण ३८ ग्रॅम तेल झालं, म्हणजे ३४० कॅलरी, कारण तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी असतात, मग ते शेंगदाण्याचं असो, करडईचं असो नाहीतर महागातलं ऑलिव्हचं. महिन्याला तीन लिटरवर आलात तर तेच २०५ च्या आसपास येतं. मधला फरक किती? १३५. म्हणजे तुमचे रोजचे चार किमी! ते कढईतच वाचले आणि बूटही घालावे लागले नाहीत. (फक्त कढई जाड बुडाची घ्या, भाजीवर झाकण आणि झाकणावर पाणी ठेवा, आपल्या आज्या करायच्या तसं, भाजी कमी तेलात लागत नाही.)

मग दाण्याचं कूट. कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, मेथीच्या भाजीत, आमटीत सुद्धा. चांगलंच असतं ते, पण वर आलेला एक चमचा कूट म्हणजे ५०-६० कॅलरी, आणि तो आपण "चवीपुरता" घालतो म्हणून हिशोबात धरतच नाही. आणि सगळ्यात अवघड जागेचं दुखणं म्हणजे उरलेलं संपवणं. मुलाने अर्धी पोळी टाकली, पातेल्याला चिकटलेला भात, वाटीभर श्रीखंडासाठी फ्रीजमध्ये जागा नाही, मग ओट्यापाशी उभ्या उभ्या ते कुणाच्या पोटात जातं? अन्न वाया घालवायचं नाही हे आपल्या हाडीमासी खिळलंय आणि ते योग्यच आहे, पण त्यावर उपाय कमी शिजवणं हा आहे, आपण डबा होणं हा नाही.

तुमचं वय, उंची, वजन धरून रोजचा खर्च १७५० ते १८०० कॅलरीच्या घरात येतो. त्यातून ३५०-४०० कमी करा, म्हणजे १४०० च्या आसपास खा. त्याच्या खाली स्वतःच्या मनाने उतरू नका. एक किलो चरबी म्हणजे जवळपास ७७०० कॅलरी, त्या हिशोबाने कागदावर महिन्याला दीड किलो उतरायला हवं. प्रत्यक्षात एक उतरलं तरी छान म्हणायचं, कारण वजन उतरतं तसा शरीराचा खर्चही थोडा आवरता होतो. आठ दिवस फक्त एवढंच करून बघा, कणकेचा गोळा काट्यावर ठेवा. ५० ग्रॅमचा असेल तर त्याची पोळी साधारण ११० कॅलरीची, वर तेल-तूप वेगळं. माझ्याकडे आलेल्या एका काकूंचा गोळा ८५ भरला होता, त्या "दोनच पोळ्या" खात होत्या.

आणि आठ किमी? नको. गुडघे दुखतील, पाऊण तास जास्तीचा जाईल आणि घरी आल्यावर भूक अशी खवळेल की हिशोब पुन्हा तिथेच. चार किमीच ठेवा पण आठवड्यातून दोन दिवस चालण्याऐवजी अर्धा तास ताकदीचे व्यायाम करा, खुर्चीवरून उठाबशा, भिंतीला हात टेकून पुशअप, पाण्याच्या बाटल्या उचलणं. चाळिशीनंतर स्नायू आपोआप झिजत जातात आणि नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर चरबीबरोबर तेही जातात. वजन उतरवायला व्यायामापेक्षा ताट जास्त कामाला येतं, पण उतरलेलं परत चढू नये यासाठी मात्र व्यायामच लागतो, तेव्हा चालणं सोडू नका, फक्त त्याच्या जिवावर बिस्किटं खाऊ नका.

वय २७, उंची १७२ सेमी, वजन ९० होतं. ॲपवर १२०० कॅलरी सेट केल्यात, रोज सव्वा तास जिम. पहिल्या महिन्यात ६ किलो गेले, आता सात आठवडे ८४ वरच अडकलोय. झोप लागत नाही, केस गळतायत, चिडचिड होते. रात्री रील्सवर फक्त खाण्याचे व्हिडिओ बघतो. शनिवार-रविवार चीट डे असतो. १००० वर येऊ का? (हिंजवडी)

अरे नको रे बाबा! तुझं शरीर झोपून राहिलं तरी त्याला दिवसाला १८०० च्या आसपास लागतात आणि तू त्याला बाराशेत सव्वा तास जिम करायला लावतोयस.

ते खाण्याचे व्हिडिओ वाचून मला एक जुना प्रयोग आठवला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं, दिवसाला साधारण १५७० कॅलरी आणि आठवड्याला ३५ किमी चालणं. युद्धाने उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खायला घालायचं हे शोधायचं होतं त्यांना. ती पोरं थकली, चिडकी झाली, कायम गारठलेली असायची, शरीराचा खर्च ४० टक्क्यांनी खाली आला आणि गंमत म्हणजे काहीजण चक्क पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागले, नुसती वाचायला. तेव्हा रील्स नव्हत्या एवढाच फरक. आणि तू त्यांच्याहूनही कमी खातोयस!

पहिल्या महिन्यातले सहाच्या सहा किलो चरबीचे नव्हते. शरीरात साठवलेली साखर असते ना, ग्लायकोजेन, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, खाणं एकदम तोडलं की आधी ते जातं आणि काट्यावर दिसतं, म्हणून पहिला महिना सगळ्यांचाच झकास जातो. नंतर मात्र शरीर काटकसर सुरू करतं, तू जिमला जातोस पण बाकी दिवसभर खुर्चीतून उठत नाहीस, लिफ्टनेच जातोस, पाय सुद्धा हलवत नाहीस, बरोबर? आणि शनिवारी रात्री बिर्याणी, स्टार्टर, दोन बाटल्या बिअर (६५० मिलीच्या एका बाटलीत २७०-३०० कॅलरी, चकल्या-शेंगदाणे वेगळे), रविवारी मिसळ आणि संध्याकाळी पिझ्झा, ते ॲपमध्ये लिहितोस का? पाच दिवस उपाशी राहिलेला माणूस दोन दिवस असंच खातो, त्यात तुझा हावरटपणा वगैरे काही नाही.

तेव्हा १९०० खा. रोज, रविवारी पण. त्यात प्रोटीन शंभर ग्रॅमच्या पुढे जाऊ दे, मेसचं जेवण असलं तरी जमतं, चार अंडी म्हणजे २४, दोन वाट्या घट्ट वरण १२-१४, मोठी वाटी दही ६-७, मूठ-दीड मूठ फुटाणे १०, आणि दीडशे ग्रॅम चिकनचे ४० च्या आसपास, चिकन नको त्या दिवशी पनीर आणि सोया चंक्स. जिम चार दिवस बास. झोप सात तास, हे ऐच्छिक नाही. पहिल्या दोन आठवड्यांत वजन किलोभर वाढेल, घाबरू नकोस, ते पाणी परत येतंय. आणि केस गळणं थांबलं नाही तर हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉईड तपासून घे, हे ॲपला कळत नाही.

मी सोमवार आणि गुरुवार असे दोन उपास करते. तरी वजन वाढतंच आहे, असं कसं? (सातारा)

एकादशी अन् दुप्पट खाशी हे काय उगाच म्हणतात का ताई! एक बशी साबुदाण्याची खिचडी घ्या: ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा २१० कॅलरी, ३० ग्रॅम कूट १७०, दोन चमचे तूप ९०, बटाट्याच्या फोडी ४०. पाचशेच्या वर गेलं, आणि साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नाहीच, दोन तासांत पुन्हा भूक, मग वेफर्स, मग राजगिऱ्याचा लाडू. वरी-दाण्याची आमटी मोजून, ताक, एखादं फळ, रताळं उकडून, असं केलंत तर उपास देवालाही पोचेल आणि काट्यालाही.

माझं वय ३६, वजन ६४, उंची ५ फूट ६. ऑफिसात सगळे म्हणतात तू तर बारीक आहेस. पण पोट सुटलंय आणि साखर बॉर्डरवर आली. मी कॅलरी कमी करायच्या की नाही? (पुरुष वाचक, नाशिक)

तुमच्यासारख्यांवर जगात गाजलेलं काम आपल्या पुण्यात झालंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दोघांचा शेजारी शेजारी उभं राहिलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. वरून बारीक, आतून चरबी, आपल्याकडे हे फार. म्हणून वजनकाटा बाजूला ठेवा आणि बेंबीच्या रेषेत टेप लावा, पुरुषांना ९० सेमीच्या आत हवं, बायकांना ८०.

तुम्ही खाणं फारसं तोडू नका, वाढलेला भात अर्धा करून तिथे उसळ येऊ दे, चहातली साखर बंद, आणि मुख्य म्हणजे वजनं उचला. स्नायू वाढले की साखरेला जायला जागा मिळते. तीन महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी) पुन्हा करून डॉक्टरांना दाखवा. आणि एक, कोणी डायबिटीसची गोळी घेत असेल त्याने उपाशीपोटी लांब चालणं किंवा दोनच वेळा जेवणं असलं काही विचारल्याशिवाय सुरू करू नये. काही गोळ्यांनी साखर एकदम खाली जाते, हातपाय कापतात, दरदरून घाम येतो. खिशात साखरेची पुडी असू द्यावी.

रोज वजन करावं की आठवड्यातून एकदा? (बडोदा)

रोज करून मनाला लावून घेणार असाल तर आठवड्यातून एकदाच. काल पापड-लोणचं झालं, पाळी जवळ आली, पोट साफ नाही झालं, एवढ्यावर किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं, त्याचा चरबीशी संबंध नाही. रोज करायचंच असेल तर सकाळी, पोट साफ झाल्यावर, आणि सात दिवसांची सरासरी काढून मागच्या आठवड्याशी ताडून बघा. काटा सपाट फरशीवर हवा. एक ताई तीन आठवडे खूश होत्या, दोन किलो उतरलं म्हणून, मग कळलं की सुनेने काटा उचलून मोरीपाशी ठेवला होता, उतारावर.