आधी समोर जाऊन बस

लेकरा,

तुझा मेल वाचून आधी राग आला, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. निवड चाचणीत परीक्षक म्हणाले की आवाज सुरेल आहे, तयारी आहे, पण एका प्रसिद्ध गायिकेची हुबेहूब नक्कल वाटते. आणि परतीच्या प्रवासात तू ठरवून टाकलंस की दोष आपल्या गावाचा, औरंगाबादचा (आजच्या छत्रपती संभाजीनगरचा) आहे. तुझं वाक्य जसंच्या तसं लिहिते: "बाई, पुण्याच्या मुलींकडे घराणी आहेत, मुंबईच्या मुलींकडे स्टुडिओ आहेत, आपल्याकडे काय आहे? लेणी." तुझ्याइतक्याच सुरेल पोरींनी नेमकं हेच म्हणत गाणं सोडलेलं मी पाहिलंय. राग त्याचा आहे.

रियाज कर, धीर धर, हे मी लिहिणार नाही. पहाटे उठून तू खर्ज लावतेस, हे तुझ्या आईकडून मला कळतं. गळ्याला तुझ्या काही झालेलं नाही. उपासमार झालीय ती कानाची. गेल्या वर्षभरात गाणारा माणूस तू समोर बसून कधी ऐकलास? मोबाइलवरचा सोड. हातभर अंतरावरचा, ज्याचा श्वास ऐकू येतो, खोकला ऐकू येतो, तंबोरा उतरला की ज्याच्या कपाळावर आठी पडते, असा. आठवून बघ. नाव येणार नाही. मग नकलेशिवाय दुसरं काय निघणार तुझ्या गळ्यातून? तू एकाच बाईचं रेकॉर्डिंग, तेही कापून-जोडून स्वच्छ केलेलं, हजार वेळा ऐकलंस. तिचा श्वाससुद्धा त्यातून काढून टाकलेला असतो. तू बिनश्वासाचं गाणं शिकलीस.

म्हणून मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे. समोर जाऊन बस. ऐक.

लेणी म्हणालीस ना? वेरूळच्या रस्त्यावर आधी देवगिरी लागतो. तेराव्या शतकात तिथं यादवांचा राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव होता, राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख. त्याचा आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेला. या माणसानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. उत्तरेकडचे गवई आणि कर्नाटकी गाणारे दोघंही ज्याला आधार मानतात तो ग्रंथ आपल्या घरापासून तासाभराच्या आत लिहिला गेला. पण मला अभिमानाचं भाषण करायचं नाही. त्यातला प्रकीर्णकाध्याय काढ आणि गायकाचे दोष वाच. 25 दोष दिलेत. संदष्ट, म्हणजे दात आवळून गाणारा. निमीलक, डोळे मिटून गाणारा. वक्री, मान वाकडी करणारा. झोंबक, गाताना ज्याच्या कपाळाच्या आणि गळ्याच्या शिरा फुगतात तो. प्रसारी, हातपाय पसरून गाणारा. भीत, म्हणजे घाबरत गाणारा. अनवधान, ज्याचं लक्षच नाही.

यातले किती दोष नुसत्या कानाला कळतील? मिटलेले डोळे ऐकू येतात का? वाकडी मान ऐकू येते का? ही यादी त्याच माणसानं केली, जो गाणाऱ्यासमोर बसला, त्याच्या जबड्याकडे, मानेकडे, शिरांकडे बघत राहिला, आणि एकाच नाही तर असंख्य गाणाऱ्यांसमोर बसला. आपल्या शहराच्या गाण्याचा पाया असल्या बसण्यावर आहे. त्याच अध्यायात गायकांचे पाच प्रकारही आहेत: शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक, भावक. दुसऱ्याची ढब उचलणारा तो अनुकार. शार्ङ्गदेवानं त्याला हाकलून दिलेलं नाही, पाचांत बसवलंय. परीक्षकांनी तुला शिवी दिली असं समजू नकोस. तू आज अनुकार आहेस. तिथंच मुक्काम करायचा का, एवढाच प्रश्न आहे.

परंपरा नाही म्हणतेस तेव्हा आणखी एक गोष्ट विसरतेस. निजामाची राजधानी औरंगाबादला होती, ती 1763 मध्ये हैदराबादला गेली. दरबार हलला की गाणारे, नाचणारे, शायर, सारंगिये सगळे हलतात, कारण चूल आश्रयदात्याच्या दारात पेटते. माहलका बाई चंदा 1768 साली औरंगाबादेत जन्मली. धृपद, ख्याल, टप्पा गाणारी, नर्तकी, आणि उर्दू दीवान, म्हणजे कवितासंग्रह, लिहिणाऱ्या पहिल्या बायकांपैकी एक. नाव झालं हैदराबादेत, कबरही तिथंच, मौला अलीच्या टेकडीच्या पायथ्याशी. पुढं 1948 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. इकडं मिरज, कोल्हापूर, पुणे, मुंबई इथं संगीत विद्यालयं आणि नाटक कंपन्या वाढत होत्या, त्यांच्या जाहिराती छापून येत होत्या, समीक्षा लिहिली जात होती. आपलं छापलं गेलं नाही. छापलं नाही म्हणजे नव्हतंच, असं तूही समजतेस?

जे छापलेलं नाही त्याला समोर जाऊन बसावंच लागतं, दुसरा मार्ग नाही.

खुलताबादचं सांगते. मुहम्मद तुघलकानं दौलताबादला राजधानी केली त्या काळात दिल्लीहून आलेले सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब, त्यांचा दर्गा तिथं आहे. निजामुद्दीन औलियांचे शिष्य, 1337 मध्ये गेले. सूफी ग्रंथांत त्यांची ओळखच समावर, म्हणजे भक्तीच्या गाण्यावर, जीव असलेला माणूस अशी आहे. त्यांच्याच काळचा कवी अमीर हसन सिजझी तिथंच पुरलाय. आणि आपल्या शहरातल्या सिराज औरंगाबादीची अठराव्या शतकातली गझल आज हिंदुस्थान-पाकिस्तानातले कव्वाल गातात. माझ्या तरुणपणी उरुसाला कव्वाल यायचे आणि मला घरातून जाऊ दिलं नाही. मुलगी, रात्र, दर्गा, तिन्ही कारणं एकदम सांगितली गेली. मी कव्वाली कॅसेटवर शिकले. पुढं जाता यायला लागलं तेव्हा समोर बसून कळलं की कव्वाल ओळ उगाच परत घेत नाही. तो श्रोत्यांच्या चेहऱ्याकडे बघतो, कुणाच्या डोळ्यांत हललं की ती ओळ धरून ठेवतो, तिच्यात दुसऱ्या शेराची गाठ बांधतो आणि पुन्हा तिथंच आणून सोडतो. कॅसेटवर मला ते नुसतं घोळवणं वाटलं होतं. माझी ती वर्षं गेली ती गेली. तुला तर कुणी अडवलेलं नाही. तूच स्वतःला खोलीत कोंडून घेतलंस, कानात बोळे घालून. चिडू नकोस, हेडफोनबद्दलच बोलतेय.

दुसरी खंत त्याहून मोठी आहे. परभणी जिल्ह्यात ताडकळसला गंगूबाई अंबोरे राहायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, त्या कामात गंगूबाईंचा आवाज ध्वनिमुद्रित झालाय. ऐक तो. एकटीचा आवाज, साथ नाही, आणि स्वर असा सरळ जातो की मला आजही अंगावर काटा येतो. मी परभणीला नोकरीत होते. ताडकळस तिथून किती लांब? पण त्यांचं नाव माझ्यापर्यंत आलंच नाही. ज्या वर्तुळात मी गाणं शिकत होते तिथं ओवीला गाणं म्हणत नसत. नाव कळलं तेव्हा समोर बसायला त्या राहिल्या नव्हत्या. रेकॉर्डिंग आहे, म्हणून मी कृतज्ञ आहे. पण ओवीचं पहिलं चरण संपताना जात्याचा खुंटा नेमका कुठं येतो, दंड दमला की स्वर कसा बदलतो, ते मला त्यांच्याकडून बघायचं होतं. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या, त्याही त्याच संग्रहात आहेत. पुढं एका संस्थेच्या महोत्सवात मी सुचवलं, ख्यालाच्या आधी वीस मिनिटं ओवी गाणाऱ्या बायकांना द्या. "ते लोकसंगीत, वेगळ्या दिवशी बघू," म्हणाले. तो वेगळा दिवस अजून आलेला नाही, आणि मी अजून मागतेच आहे.

गोंधळाबद्दल तू लिहिलंस, "तो तर लग्नातला विधी." लग्नातला विधी! परभणीच्या राजारामभाऊ कदमांना लोक गोंधळमहर्षी म्हणत, ते उगाच नाही. रात्रभर गायचं आहे, संबळाच्या आवाजावरून जाईल असा स्वर लावायचा आहे आणि पहाटे आरतीला गळा शाबूत हवा आहे. हे कसं करतात? समोर बसलीस तर दिसेल. नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, सुरुवातीला सगळा आवाज उघडतच नाही. तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला, एकेका देवाला गोंधळाला बोलावतो तेव्हा तो गळाही तापवत असतो. आख्यानात साथीदाराशी सवालजवाब सुरू होतात, लोक हसतात, आणि त्याच वेळी नाईकाचा गळा विसावा घेतो. तुणतुण्याचा एकच स्वर रात्रभर त्याला धरून असतो. आवाज टिकवण्याच्या कार्यशाळेला तू पाच हजार रुपये भरलेस म्हणे. गोंधळात दिवटीजवळ बसायला कुणी पैसे घेत नाही.

आता माझ्याबद्दल. तुझ्या मैत्रिणींना वाटतं, आणि कदाचित तुलाही, की बाई इथं अडकून पडल्या, म्हणून सगळ्यांना इथंच बस म्हणतात. मला पुण्यात शिकवायला बोलावलं होतं, हे खरं आहे. मी गेले नाही, हेही खरं आहे. मला त्याचा पश्चात्ताप नाही. तिथं मी दुसऱ्या कुणाच्या घराण्यातली मागच्या रांगेतली गायिका झाले असते, चांगली झाले असते, पण भैरवीत ओवीचा उतार आणायची हिंमत मला झाली नसती. इथं झाली. गायक पंडित नाथराव नेरळकर नांदेडचे, अण्णासाहेब गुंजकरांचे शिष्य. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तरी मुक्काम मराठवाड्यातच राहिला, 2021 मध्ये वारले तेही आपल्याच शहरात. मराठवाड्यात आज जे गातात, शिकवतात, त्यांतल्या किती जणांच्या गाण्याची मुळं त्यांच्या शिकवणीत आहेत हे विचारून बघ. त्यांच्यासमोर बसलेली माणसं अजून आहेत, पुढची वीस वर्षं असतील. तू त्यांच्यासमोर बसलीस तर त्या बसण्याचा धागा तुझ्यापर्यंत येतो. नाही बसलीस तर तुटतो. मी इथं का राहिले याचं माझं उत्तर हे आहे, आणि कुणाला ते समर्थन वाटलं तर वाटू दे.

मुंबईला जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. जा. चंदाबाईही गेलीच की. पण रिकाम्या कानानं जाऊ नकोस. तुला बोलावणाऱ्या स्टुडिओवाल्यांना कळव की मी फाल्गुन संपल्यावर येते. त्यांना दुसऱ्या एका गायिकेची गाणीच तुझ्याकडून गाऊन घ्यायची आहेत, सहा-सात महिन्यांनी ती गाणी कुठं पळून जात नाहीत.

तोवर काय करायचं ते लिहिते. नवरात्रात तुळजापूरला जा आणि आराधी, म्हणजे देवीची गाणी गाणाऱ्या, बायकांचा मेळा ऐक, मागं उभी राहून नाही, त्यांच्यात बसून. 14 जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार दिन. विद्यापीठाच्या गेटवर भीमगीतं गाणारे येतात. आपल्याच शहरातल्या कडूबाई खरात एकतारी घेऊन गातात, ते तू मोबाइलवर पाहिलंस आणि मला पाठवलंसही. पाठवायचं काम झालं, आता तिथं जाऊन गर्दीत उभी राहा आणि माइक खरखरला तरी गाणारा स्वर कसा सोडत नाही ते बघ. फाल्गुनात पैठणला नाथषष्ठी. नाथांचं भारूड पुस्तकात वाचून कळत नाही. विंचू चावलेली बाई उभी राहून ओरडते तेव्हा ते ओरडणं सुरात असतं, ते कसं, हे मला परत आल्यावर गाऊन दाखव. वहीत लिहून आणू नकोस. रेकॉर्ड तर करूच नकोस. मोबाइल वर धरला की माणूस ऐकायचं थांबतो, हे मी माझ्या वर्गात रोज बघते.

आणि रविवारी सकाळी माझ्याकडे ये. आमच्या गल्लीत एक आजी आहेत, नव्वदीला टेकल्यात. जातं केव्हाच मोडीत गेलं, पण हात फिरवत ओव्या म्हणतात. ऊन चढलं की त्यांना धाप लागते, म्हणून आठच्या आत पोच. चहा आमच्याकडे घे, त्यांच्याकडे नको, त्या उठून करायला जातात.

तुझी
बाई