रोमन यादवीत जमिनीने कौल दिला तो कसा: इलेर्डाचं उदाहरण

प्रश्न असा आहे की रोमन यादवी युद्धांत दोन्हीकडे तेच लीजन (काही हजार शिपायांचं रोमन पथक), तीच शस्त्रं, तीच कवायत. मग भूगोलाने खरंच फरक पडत होता, की शेवटी फार्सालससारखी (सीझर आणि पाँपे या दोन रोमन सेनापतींच्या यादवीत सीझरने पाँपेला हरवलं ती) मैदानातली लढाईच खरी?

माझ्या मते दोन्ही बाजू सारख्या असल्या की जमिनीचं वजन उलट वाढतं. फार्सालसबद्दल सगळेच बोलतात, म्हणून मी इसवी सनपूर्व ४९ मधल्या इलेर्डाबद्दल लिहितो. स्पेनमधलं आजचं येइदा, म्हणजे लेरिदा. तिथे पाँपेच्या बाजूने अफ्रानियस आणि पेत्रेयस हे दोघे सेनानी पाच लीजन घेऊन बसले होते. सीझरकडे सहा.

गाव टेकडीवर, अफ्रानियसची छावणी शेजारच्या टेकडीवर आणि मधल्या सपाटीत एक छोटंसं टेकाड. ते बळकावलं की छावणीचा गावाशी संबंध तुटणार, म्हणून सीझरने तिथे माणसं सोडली. अफ्रानियसची आधी पोचली. मग मदतीला गेलेलं नववं लीजन शत्रूला रेटत रेटत थेट गावाच्या पायथ्याशी गेलं आणि अडकलं. दोन्ही बाजूंना कडा, रुंदी जेमतेम तीन कोहोर्ट (लीजनमधल्या तुकड्या) उभे राहतील एवढी, आणि वरून मारा चालू. पाच तास हे चाललं. शेवटी भाले संपल्यावर तलवारी उपसून चढावर धावत जाऊन त्यांनी सुटका करून घेतली. टेकाड मिळालं नाही ते नाहीच.

दोनच दिवसांनी सिकोरिस नदीला (आजची सेग्रे) पूर आला आणि सीझरचे दोन्ही पूल एका दिवसात वाहून गेले. तो सिकोरिस आणि सिंगा या दोन नद्यांच्या बेचक्यात कोंडला. गॉलहून (आजच्या फ्रान्सकडून) येणारी रसद पलीकडच्या काठावर खोळंबली. धान्य एका मोदियसला (साधारण साडेसहा किलो गव्हाला) ५० दिनारियसवर (रोमन चांदीची नाणी) गेलं. समोरच्यांकडे कोठारं भरलेली आणि गावचा पूल शाबूत.

त्याने सुतारकाम काढलं. ब्रिटनमध्ये पाहिलेल्या होड्या करवून घेतल्या: हलक्या लाकडाचा सांगाडा, वेलाकाटक्यांची वीण, वर कातडं. हंपीला तुंगभद्रेत गोल टोपल्या चालतात ना, त्याच जातकुळीतल्या. रातोरात गाड्यांवर घालून त्या छावणीपासून २२ रोमन मैलांवर नेल्या, पलीकडची टेकडी धरली आणि दोन दिवसांत पूल उभा केला. मग ३० फूट रुंदीचे चर खणून नदीचं पाणी वळवलं, पायी ओलांडता येईल असा उतार पाडण्यासाठी.

उतार होतोय हे दिसताच अफ्रानियसने एब्रो नदीकडे काढता पाय घेतला. सीझरचं पायदळ छातीभर पाण्यातून त्याच्या मागे गेलं. प्रवाहाच्या वर आणि खाली जनावरांची रांग उभी केली होती, पाण्याचा जोर मोडायला आणि वाहून जाणाऱ्याला अडवायला. एकही माणूस बुडाला नाही, असं सीझरच लिहितो. (जेत्याचं लिखाण आहे, तेवढं धरूनच वाचा.)

पुढे पाच मैल सपाटी आणि मग डोंगर. खिंड आधी गाठेल त्याची. सीझर भलत्याच दिशेला वळला तेव्हा अफ्रानियसचे शिपाई छावणीबाहेर येऊन हसले, म्हणाले उपाशी मरायला लागले म्हणून परत चालले. तो घळींतून वळसा घालत होता. खडकांवर चढताना माणसं हातातली शस्त्रं एकमेकांकडे देत वर येत होती. खिंडीची वाट त्यानेच आधी अडवली.

इथे माझा मुख्य मुद्दा. शत्रू हातात सापडलेला असताना सीझर लढला नाही. त्याचेच शिपाई भडकले, पुन्हा तू म्हणशील तेव्हा आम्ही लढणार नाही, असं उघड बोलायला लागले. पण समोरचे रोमनच होते. ते मेले तर फायदा कुणाचा? त्याने त्यांना पाण्यापासून तोडलं. मध्ये दोन्हीकडचे शिपाई एकमेकांच्या छावणीत ओळखीपाळखीचे शोधत फिरले, तेव्हा पेत्रेयसने सापडलेल्या सीझरच्या माणसांना मारलं. तरी पाणी नाही, धान्य नाही, जनावरांना चार दिवस चारा नाही. २ ऑगस्टला ते शरण आले.

जमीन नेहमी त्याच्याच बाजूने होती असं नाही. पुढच्याच वर्षी दिर्राखियमला (आजच्या अल्बानियात) त्याने पाँपेभोवती टेकड्यांवरून तटबंदी घातली आणि समुद्राकडचं तिचं अपुरं राहिलेलं टोक पाँपेने फोडलं. एका दिवसात ९६० माणसं गेली.

नकाशावर बघायचं असेल तर येइदात जुनं कॅथेड्रल आहे ती इलेर्डाची टेकडी. नैऋत्येला गार्देनी टेकडी, अफ्रानियसची छावणी बहुधा तिथे धरतात. मधल्या सपाटीवर आता शहर वसलंय.